डोक्याला लागले, फोटो साफ आला, तरी डोके का दुखते?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातील रस्त्यांचे रूप पालटते. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर विष्णुपुरीजवळ उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, एस. टी. गाड्या आणि त्यांतून वाट काढणारी मोटारसायकलवरची तरुण मुले, असे सारे एकाच वेळी चाललेले असते. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरी परिसरातच असल्याने खेड्यापाड्यांतली लेकरे रोज या रस्त्याने ये-जा करतात. यांतले कोणी घसरते, कोणी उभ्या ट्रॉलीला मागून धडकते. कोणी भरल्या ट्रॉलीवरून खाली येते, कोणी कबड्डीत डोक्यावर पडते. मोठा अपघात झाला की त्याची बातमी होते. लहान अपघाताची होत नाही. पोरगा उठतो, कपडे झटकतो, "काही न्हाई झालं" म्हणतो आणि घरी येतो.

अशा मुलांपैकी काहींचे डोके पुढे महिना-महिना दुखत राहते. मुलगा दहावी-बारावीत असेल तर वर्ष हातचे जाते, आणि बापलेकांत अबोला येतो तो वेगळाच. म्हणून हा विषय आम्ही यावेळी सभासदांपुढे ठेवीत आहोत.

सौम्य मार कशाला म्हणतात?

डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे या तीन गोष्टींवर डॉक्टर ३ ते १५ असे गुण देतात. १३ ते १५ गुण असले की मार सौम्य समजतात. यात बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही; पुष्कळ जण पडतही नाहीत. क्षणभर भान हरपणे, पडल्याची आठवण नसणे, गरगरणे, मळमळणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे, ही त्याची लक्षणे. 'सौम्य' हा शब्द मार किती जोराचा होता एवढेच सांगतो. त्रास किती दिवस राहील, हे तो शब्द सांगत नाही.

पहिले दोन दिवस डोळ्यांत तेल घालून

मेंदूत रक्तस्राव होत असेल तर तो सुरुवातीला कळतोच असे नाही. क्रिकेटपटू रमण लांबा यांना फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला फलंदाजाजवळ हेल्मेटशिवाय क्षेत्ररक्षण करताना डोक्याला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. पुढे प्रकृती बिघडत गेली आणि तीन दिवसांनी ते वारले. चालता-बोलता माणूस म्हणजे धोका टळला, असे धरून चालू नये.

पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी १०८ क्रमांकाला फोन करावा आणि रुग्णाला दवाखान्यात हलवावे : डोकेदुखी वाढतच जाणे, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी येणे किंवा जागे न होणे, असंबद्ध बोलणे, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, हातापायातली शक्ती जाणे, नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव. पहिल्या दिवशी ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. डॉक्टरांनी तपासून घरी सोडले असेल तर मुलाला झोपू द्यावे. रात्रभर बळेच जागे ठेवण्याची जुनी रीत उपयोगाची नाही. मात्र घरातले कोणीतरी जवळ असावे आणि डॉक्टरांनी सांगितले असेल त्याप्रमाणे मधून उठवून पाहावे.

मग दुखते कशाने?

दोन दिवस बरे गेले, डोक्याचा सी. टी. स्कॅनही साफ आला. तरी मुलगा म्हणतो, डोके ठणकते. घरची मंडळी म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल हाय, मग दुखतंय काय?"

यासाठी आपल्या विहिरीवरचीच गोष्ट घ्या. मोटार जागेवर आहे, पाइप फुटलेला नाही, वायर तुटलेली नाही. फोटो काढला तर सारे ठाकठीक दिसेल. पण व्होल्टेज कमी असले तर मोटार घरघरते आणि पाणी चढत नाही. तशीच बळजबरीने चालवली तर गरम होते. सौम्य मारात मेंदूचे काहीसे असेच होते. हिसक्याने पेशींचे रोजचे काम विस्कटते. ते सावरायला जास्त शक्ती लागते, आणि नेमका त्याच वेळी शक्तीचा पुरवठा कमी पडतो. स्कॅनमध्ये हाड मोडलेले व रक्त साकळलेले दिसते. हा बिघाड त्यात दिसत नाही. म्हणून साफ रिपोर्टचा अर्थ 'जिवाला धोका दिसत नाही' असा घ्यावा. 'मुलगा खोटे बोलतो' असा घेऊ नये.

ही डोकेदुखी बहुधा मार लागल्यापासून सात दिवसांत सुरू होते. बहुतेक मुलांची महिन्याभरात जाते. काहींची राहते, आणि तीन महिन्यांपलीकडे गेली तर डॉक्टर तिला चिवट डोकेदुखी मानतात. कोणाचे अर्धशिशीसारखे ठणकते, कोणाला कपाळाभोवती पट्टा आवळल्यागत वाटते, कोणाची कळ मानेतून वर चढते, कारण हिसक्यात मानही दुखावलेली असते. ज्याला आधीपासून अर्धशिशी आहे, ज्याच्या डोक्याला पूर्वी मार लागलेला आहे, त्याला धोका अधिक. मुलांपेक्षा मुलींना हा त्रास जास्त काळ राहिल्याचे आढळते. झोपमोड आणि परीक्षेची काळजी यांनी त्यात भर पडते.

घरोघरच्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे 'नाटक करतोय' म्हणून हिणवणे, नाहीतर बाहेरची बाधा समजून अंगारा-धुपारा करीत बसणे. दोन्हींत दिवस जातात आणि लेकरू सांगायचे बंद होते.

दुसरी चूक अति मायेची. मुलाला आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवतात. डॉक्टरही पूर्वी कडक विश्रांती सांगत. आता मत बदलले आहे. पहिले एक-दोन दिवस आराम हवाच, पण त्यापुढे नुसते पडून राहिल्याने दुखणे लांबते.

तिसरी चूक गोळ्यांची, आणि आमच्या मते ही सर्वांत मोठी. किराणा दुकानातून डोकेदुखीची पुडी आणायची, उतरली नाही की दुसरी घ्यायची. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र केलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते. दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणे, असा रहाट सुरू होतो. घरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशेब लिहितो, तशीच गोळीच्या दिवशी एक खूण करावी. महिनाअखेर खुणा मोजाव्यात.

करावे काय?

आजारातून उठलेल्या बैलाला आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मोकळा हिंडवतो, मग रिकाम्या गाडीला लावतो. डोक्याला मार लागलेल्या मुलालाही हाच न्याय लावावा.

पहिले एक-दोन दिवस घरी आराम करावा, मोबाइल व टी. व्ही. शक्य तितका बाजूला ठेवावा. मग घरातली हलकी कामे, सकाळ-संध्याकाळ फिरणे. थोडे दुखले तर घाबरू नये. फार वाढले तर एक पायरी मागे यावे. नंतर अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस. मुख्याध्यापकांना भेटून मुलाला मधून विसावा देण्याची विनंती करावी. झोपेची वेळ रोज एकच ठेवावी, सकाळची न्याहारी चुकवू नये, उन्हात पाणी भरपूर प्यावे. चक्कर व जडपणा जाईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि उसाच्या गाडीवर चढणे बंद. कबड्डी, क्रिकेट, कुस्ती तर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर त्रास फार वाढतो.

दोन आठवड्यांत उतार दिसला नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे, आणि महिना उलटला तर मुळीच थांबू नये. मानेचे व्यायाम, अर्धशिशीवरची औषधे, झोप आणि चिंता यांवरचे उपचार उपलब्ध आहेत. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. जाताना कॅलेंडर बरोबर न्यावे.

'एवढ्याशा मारासाठी कोण थांबतं?' असे मुले विचारतील. त्यांना त्यांच्याच आवडीचे उदाहरण द्यावे. १४ जानेवारी २०२० रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ऋषभ पंत यांच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्यांनी त्या सामन्यात यष्टिरक्षण केले नाही, आणि राजकोटचा पुढचा सामनाही ते खेळले नाहीत. असा मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याचा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ पासून आहे. देशाचा सामना थांबू शकतो, तर गल्लीतला का थांबू नये?

मार लागूच नये म्हणून

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मोटारसायकल चालवणाऱ्याला व मागे बसणाऱ्याला हेल्मेट सक्तीचे आहे. मुलाला गाडी घेऊन देताना हेल्मेटचे पैसे वाचवू नयेत, आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधायला लावावा. वाहनमालक सभासदांनी ट्रॉलीच्या मागे चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, बैलगाडीलाही लावाव्यात. बंद पडलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर खुणेशिवाय उभी करू नये. मळलेली पट्टी पुसायला फडके पुरते. मागून येणारा मुलगा आपल्याच गावचा असतो. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये.

घरातले तरुण मूल पडल्यानंतर डोके दुखते म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे खरे धरून ऐकावे, ही सर्व सभासद कुटुंबांना आमची विनंती आहे. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात, आणि घरच्यांनी विश्वास ठेवला तर लवकर होतात.