वळूचं बीज आणि शहाळ्याचं पाणी

गाय माजावर आली की हाताशी जेमतेम बारा-अठरा तास असतात. तेवढ्यात ती भरवली नाही, तर पुढचा माज एकवीस दिवसांनी. डॉक्टर जी कांडी घेऊन येतात, तिच्यातलं रेत द्रवरूप नत्रात उणे 196 अंशांना गोठवलेलं असतं. पण नत्र उडून जातो, पात्र पुन्हा पुन्हा भरावं लागतं. जिथं नत्राची गाडीच पोचत नाही, तिथं जुनी वाट उरते: रेत न गोठवता चार-पाच अंशांवर थंड ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत वापरून टाकायचं.

नुसतं फ्रीजमध्ये ठेवून मात्र भागत नाही. थंडीत तूप थिजतं, तशी शुक्राणूच्या पातळ आवरणातली स्निग्धद्रव्यं थिजतात. आवरणाला भेगा पडतात, आतले क्षार बाहेर झिरपतात आणि शुक्राणू मरतो. यावर 1939 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फिलिप्स या संशोधकांना उपाय सापडला, तो कोंबडीच्या अंड्यात. बलकातली मेद-प्रथिनं आवरणाला सांभाळतात. दोन वर्षांनी बलकाला सोडियम सायट्रेटची जोड मिळाली आणि जगभर तोच रिवाज पडला.

बलकाची अडचण अशी, की प्रत्येक अंडं वेगळं, आणि कोंबडीचे रोगजंतू त्यातून येण्याची भीती. म्हणून संशोधक झाडांकडे वळले. शहाळ्याचं पाणी प्रयोगशाळेला नवं नव्हतं. 1941 मध्येच धोतऱ्याचे इवलेसे गर्भ त्यावर वाढवून दाखवले गेले होते. ब्राझीलच्या सिआरा राज्यात, जिथं नारळाला तोटा नाही, तिथं नुनेस या संशोधकांनी बोकडाच्या रेतासाठी ते वापरलं: निम्मं शहाळ्याचं पाणी, पाव भाग ऊर्ध्वपातित पाणी, पाव भाग सायट्रेटचं द्रावण. पुढे त्याची भुकटीही केली गेली.

पाणी मिसळायचं कारण सोपं आहे. शहाळ्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि भरपूर पोटॅशियम असतं, पण ते रेतापेक्षा आंबट आणि दाट. तसंच वापरलं तर शुक्राणू त्यात आक्रसतील. शिवाय सकाळी फोडलेलं शहाळं संध्याकाळी आंबतं, त्यामुळे प्रतिजैविक घालावंच लागतं. कोवळ्या आणि पक्व नारळाच्या पाण्यात फरक असतो, तो निराळाच. म्हणजे बलकाचा जो दोष, तोच इथंही!

मुख्य उणीव वेगळी आहे. शहाळं खायला देतं, पण पांघरूण देत नाही. थिजण्यापासून वाचवणारी स्निग्धद्रव्यं, म्हणजे फॉस्फोलिपिडं, त्यात नसल्यातच जमा, म्हणून अनेक मिश्रणांत थोडा बलक राहतोच. वनस्पतींमध्ये ते पांघरूण सोयाबीनकडे आहे. सोयातली ही फॉस्फोलिपिडं, म्हणजे लेसिथिन, घातलेली तयार द्रावणं आज बाजारात मिळतात, आणि माझ्या मते बलकाला खरा पर्याय तोच. शहाळं त्याचा जोडीदार होऊ शकतं, जागा घेऊ शकत नाही.

टोमॅटो, कोरफड, फळांचे रस अशा प्रयोगांच्या बातम्याही येतात. त्यातले कित्येक प्रयोग सूक्ष्मदर्शकापाशीच थांबतात. काचपट्टीवर शुक्राणू पळताना दिसले, म्हणून गाय फळतेच असं नाही. तेव्हा असा दावा पुढे कुठे वाचलात, तर एवढंच विचारा: गाभण किती राहिल्या?