हवाई मालवाहतूक उद्योग संघटना

हवाई मालवाहतूक उद्योग संघटना म्हणजे विमानाने माल पाठविण्याच्या व्यवसायातील कंपन्यांनी आपल्या सामाईक हितासाठी स्थापन केलेली संस्था होय. विमान कंपन्या, फ्रेट फॉरवर्डर, कार्गो एजंट, कुरियर कंपन्या, कस्टम्स ब्रोकर, विमानतळ आणि कार्गो टर्मिनल चालविणाऱ्या कंपन्या अशा संघटनांचे सदस्य असतात. सरकार, नियामक संस्था आणि व्यवसायातील इतर घटक यांच्यापुढे सदस्यांची बाजू मांडणे, कामकाजाचे समान नियम ठरविणे, वादांत सदस्यांच्या वतीने दाद मागणे आणि प्रशिक्षण देणे ही त्यांची प्रमुख कार्ये आहेत. सदस्य कंपन्या एकमेकींच्या स्पर्धकही असल्याने संघटनेने कोणत्या विषयावर एकत्र बोलावे आणि कोणत्या विषयावर बोलू नये, याला स्पर्धा कायद्याने मर्यादा घातलेली आहे.

पार्श्वभूमी

जागतिक व्यापारातील मालाचा वजनाच्या दृष्टीने एक टक्क्याहूनही कमी भाग विमानाने जातो. मात्र मूल्याच्या दृष्टीने हा वाटा सुमारे ३५ टक्के मानला जातो. औषधे, इलेक्ट्रॉनिक वस्तू, यंत्रांचे सुटे भाग, तयार कपडे, फुले आणि फळे असा महाग, तातडीचा किंवा नाशवंत माल प्रामुख्याने या मार्गाने जातो. मुंबईहून अमेरिकेला जाणारा विकिरणप्रक्रिया केलेला आंबा हे त्याचे परिचित उदाहरण आहे. अशा मालाला विमानतळावर झालेला एका दिवसाचा विलंबही मोठे नुकसान करू शकतो.

एक खेप निर्यातदाराच्या गोदामातून निघून परदेशातील ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जाते. फॉरवर्डर अनेक निर्यातदारांचा माल एकत्र करतो आणि विमानात जागा घेतो. कस्टम्स ब्रोकर सीमाशुल्काची कागदपत्रे सादर करतो. टर्मिनलवर मालाचे वजन आणि तपासणी होते. त्यानंतर विमान कंपनी माल वाहून नेते. यांपैकी प्रत्येक टप्प्याचे नियम निराळ्या यंत्रणेच्या हाती असतात. सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक खाते, शुल्काचे नियम सीमाशुल्क खाते, तर भाडे आणि अधिभार विमान कंपनी ठरविते. पाच-दहा कर्मचारी असलेल्या लहान फॉरवर्डरला या सर्वांशी स्वतंत्रपणे वाटाघाटी करणे शक्य नसते. संघटनेची गरज यातूनच निर्माण होते.

प्रमुख संघटना

फ्रेट फॉरवर्डरांच्या राष्ट्रीय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फियाटा’ १९२६ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झाला. विमान कंपन्यांची ‘आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना’ अर्थात ‘आयाटा’ एप्रिल १९४५ मध्ये हवाना येथे स्थापन झाली. तिचे मुख्यालय कॅनडातील माँट्रियल येथे आहे. ‘द इंटरनॅशनल एअर कार्गो असोसिएशन’ अर्थात ‘टियाका’ ही संस्था एखाद्या घटकापुरती मर्यादित नसून विमान कंपन्या, विमानतळ, फॉरवर्डर आणि टर्मिनलचालक या सर्वांना सदस्यत्व देते. २०१० मध्ये या तीन संस्था आणि माल पाठविणाऱ्यांची संघटना ‘ग्लोबल शिपर्स फोरम’ यांनी मिळून एक संयुक्त सल्लागार गट स्थापन केला. सरकारांपुढे शक्य तेथे एकच भूमिका मांडणे हा त्याचा उद्देश होता.

भारतात मुंबईस्थित ‘एअर कार्गो एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया’ ही कार्गो एजंटांची, तर ‘फेडरेशन ऑफ फ्रेट फॉरवर्डर्स असोसिएशन्स इन इंडिया’ ही फॉरवर्डर व कस्टम्स ब्रोकर यांच्या स्थानिक संघटनांची शिखर संस्था आहे. ‘एक्सप्रेस इंडस्ट्री काउन्सिल ऑफ इंडिया’ कुरियर आणि जलद वितरण कंपन्यांचे प्रतिनिधित्व करते.

सदस्यांच्या हितसंबंधांतील भेद

‘हवाई मालवाहतूक उद्योग’ हा शब्दप्रयोग एकसंध वाटला, तरी त्यातील घटकांचे हित नेहमी एक नसते. विमान कंपनीला जागेचे अधिकाधिक भाडे हवे असते, तर फॉरवर्डरला तीच जागा स्वस्तात हवी असते. टर्मिनल चालविणाऱ्या कंपनीचे हाताळणी शुल्क हा एजंटाचा खर्च असतो. मोठा फॉरवर्डर स्वतःची तपासणी यंत्रे विकत घेऊ शकतो. लहान फॉरवर्डरला ती परवडत नाहीत.

सरकारी धोरणाचा परिणामही सर्वांवर सारखा होत नाही. भारताने २०२० मध्ये परदेशी कंपन्यांच्या अनियमित मालवाहू विमानांना बंगळूर, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद आणि मुंबई या सहा विमानतळांपुरतीच परवानगी ठेवली. अशा निर्बंधाने देशी मालवाहू विमान कंपन्यांना संरक्षण मिळते. परंतु इतर शहरांतील निर्यातदार आणि एजंट यांच्यापुढील पर्याय कमी होतात. या कारणामुळे बहुतेक संघटना एकाच घटकापुरत्या असतात आणि सर्वसमावेशक संघटनांना सुरक्षा, संगणकीकरण, प्रशिक्षण यांसारख्या सर्वांना मान्य होतील अशा विषयांवर भर द्यावा लागतो.

प्रतिनिधित्वाच्या पद्धती

संघटनेचे काम साधारणतः चार प्रकारे चालते.

नियमांच्या मसुद्यावर निवेदन: नवा कायदा किंवा नियम येण्यापूर्वी सरकार संबंधितांची मते मागविते. संघटना सदस्यांकडून माहिती गोळा करून एकत्रित निवेदन देते. एखाद्या नियमामुळे मालाला किती विलंब होईल किंवा कोणते यंत्र बाजारात उपलब्धच नाही, यांसारखी प्रत्यक्ष कामातील माहिती शासनाकडे असतेच असे नाही. संघटनेच्या म्हणण्याला वजन प्राप्त होते ते मुख्यतः या माहितीमुळे.

सल्लागार समित्यांतील सहभाग: सीमाशुल्क खाते, विमानतळ आणि विमान वाहतूक मंत्रालय यांच्या समित्यांवर संघटनेचे प्रतिनिधी असतात. टर्मिनलवरील ट्रकांची रांग किंवा संगणकप्रणालीतील बिघाड यांसारखे दैनंदिन प्रश्न तेथे मांडले जातात.

समान मानके ठरविणे: ई-एअर वेबिल हे याचे उदाहरण होय. एअर वेबिल म्हणजे विमान कंपनी आणि माल पाठविणारा यांच्यातील वाहतूक कराराचा पुरावा असलेला दस्तऐवज. १९९९ च्या माँट्रियल करारनाम्याने कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्यास मुभा दिली. परंतु त्यासाठी प्रत्येक फॉरवर्डरने प्रत्येक विमान कंपनीशी स्वतंत्र करार करणे आवश्यक होते. २० फॉरवर्डर आणि २० विमान कंपन्या असतील, तर असे ४०० करार लागतात. आयाटाने तयार केलेल्या आणि फियाटाने पाठिंबा दिलेल्या २०१३ च्या बहुपक्षीय करारामुळे प्रत्येकाने एकदाच सही करणे पुरेसे झाले. कायद्याने दिलेली मुभा अशा प्रकारे संघटनांच्या कामामुळे व्यवहारात उतरली.

दाद मागणे: मोठ्या पुरवठादाराविरुद्ध एकट्या सदस्याने तक्रार केल्यास व्यावसायिक संबंध बिघडण्याची भीती असते. संघटनेच्या नावाने तक्रार झाल्यास ही भीती कमी होते.

अमेरिकेतील तपासणीचा कायदा

अमेरिकेत ऑगस्ट २००७ मध्ये झालेल्या कायद्याने प्रवासी विमानांतून जाणाऱ्या सर्व मालाची तपासणी बंधनकारक केली. फेब्रुवारी २००९ पर्यंत ५० टक्के आणि ऑगस्ट २०१० पर्यंत १०० टक्के माल तपासण्याची मुदत होती. फॉरवर्डर अनेक खोकी एकत्र रचून, बांधून विमानतळावर आणतात. ही सर्व तपासणी विमान कंपनीने विमानतळावरच केली असती, तर बांधलेला माल पुन्हा सोडून प्रत्येक खोके वेगळे तपासावे लागले असते आणि तेथे मालाची कोंडी झाली असती.

यावर उपाय म्हणून प्रमाणित तपासणी कार्यक्रम आखण्यात आला. त्यानुसार पात्र ठरलेले फॉरवर्डर, कारखानदार आणि स्वतंत्र केंद्रे माल बांधण्यापूर्वीच तो तपासू शकत आणि नंतर तो मोहोरबंद करून विमानतळावर पाठवीत. फॉरवर्डरांची ‘एअरफॉरवर्डर्स असोसिएशन’ ही संघटना या पद्धतीच्या बाजूने उभी राहिली. तपासणीचे उद्दिष्ट कायम राहिले. बदलली ती तपासणीची जागा. यंत्रसामग्रीचा खर्च मात्र फॉरवर्डरांवर आला आणि लहान व्यावसायिकांपुढे ती खरेदी करावी की स्वतंत्र केंद्राला शुल्क द्यावे, हा प्रश्न उरला.

ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून पाठविलेल्या प्रिंटरांमध्ये दडविलेले बॉम्ब ब्रिटनमधील ईस्ट मिडलँड्स आणि दुबई येथे सापडले. त्यानंतर माल विमानात चढण्यापूर्वीच त्याची माहिती अमेरिकी यंत्रणांना पाठविण्याचा पथदर्शी कार्यक्रम कुरियर कंपन्यांच्या सहकार्याने सुरू झाला. जून २०१८ मध्ये तो बंधनकारक करण्यात आला.

भारतातील इंधन अधिभाराचे प्रकरण

मे २००८ मध्ये भारतातील विमान कंपन्यांनी देशांतर्गत मालावर किलोमागे ५ रुपये इंधन अधिभार लावण्यास सुरुवात केली. पुढे विमान इंधनाचे दर उतरले तरी अधिभार त्या प्रमाणात उतरला नाही आणि कंपन्या तो एकमेकींशी संगनमत करून वाढवितात, अशी तक्रार एक्सप्रेस इंडस्ट्री काउन्सिल ऑफ इंडियाने २०१३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. जेट एअरवेज, इंडिगो, स्पाइसजेट, एअर इंडिया आणि गो एअरलाइन्स या कंपन्यांविरुद्ध ही तक्रार होती. तक्रारदार संघटनेचे सदस्य याच कंपन्यांच्या विमानांतून माल पाठवीत असत.

१७ नोव्हेंबर २०१५ रोजी आयोगाने जेट एअरवेजला १५१.६९ कोटी, इंडिगोला ६३.७४ कोटी आणि स्पाइसजेटला ४२.४८ कोटी रुपये दंड ठोठावला. अन्य दोन कंपन्यांना दंड झाला नाही. आयोगाच्या तपास विभागाला संगनमत आढळले नव्हते. आयोगाने त्याहून वेगळा निष्कर्ष काढताना कंपन्यांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, या कारणावरून अपील न्यायाधिकरणाने एप्रिल २०१६ मध्ये हा आदेश रद्द करून प्रकरण परत पाठविले. ७ मार्च २०१८ रोजी आयोगाने फेरआदेशात पुन्हा संगनमताचा निष्कर्ष काढला; मात्र दंड अनुक्रमे ३९.८१ कोटी, ९.४५ कोटी आणि ५.१० कोटी रुपये इतका कमी केला.

निर्यात मालभाड्यावरील कर

वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर निर्यात मालाच्या हवाई भाड्यावर १८ टक्के कर आकारणीचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने या भाड्याला तात्पुरती सूट दिली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढविली. भरलेल्या कराचा परतावा निर्यातदाराला मिळू शकत असला, तरी परतावा येईपर्यंत खेळते भांडवल अडकून पडते, असा एजंट आणि निर्यातदार यांच्या संघटनांचा युक्तिवाद होता. त्यांनी पुढील मुदतवाढीची मागणी केली. तथापि ३० सप्टेंबर २०२२ रोजी सूट संपुष्टात आली. निवेदनांमुळे सवलत लांबू शकते, पण अंतिम निर्णय सरकारच्या महसुली धोरणावर अवलंबून राहतो, हे या प्रकरणातून दिसते.

कायदेशीर मर्यादा आणि टीका

स्पर्धक कंपन्यांचे प्रतिनिधी नियमितपणे एकत्र येत असल्यामुळे उद्योग संघटनांच्या बैठकांकडे स्पर्धा नियामकांचे बारीक लक्ष असते. मार्च २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने हवाई मालवाहतुकीवरील अधिभार संगनमताने ठरविल्याबद्दल १४ फॉरवर्डर कंपनीसमूहांना एकूण १६.९ कोटी युरो दंड केला. एका प्रकरणातील सहभागी स्वतःला ‘गार्डनिंग क्लब’ म्हणवीत आणि दरांविषयी बोलताना भाज्यांची नावे सांकेतिक शब्द म्हणून वापरीत.

भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये उद्योग संघटनेची दोन्ही रूपे आढळतात. कलम १९ नुसार व्यापारी संघटना आयोगाकडे तक्रार करू शकते. कलम ३ नुसार संघटनेने घेतलेला निर्णयही स्पर्धाविरोधी ठरू शकतो. इंधन अधिभार कोणत्या पद्धतीने ठरविला जातो, याविरुद्ध संघटनेने दाद मागणे कायदेशीर आहे. सदस्यांनी आपल्या ग्राहकांकडून किती अधिभार घ्यावा हे बैठकीत ठरविणे मात्र बेकायदेशीर आहे. त्यामुळे बहुतेक मोठ्या संघटना बैठकीची विषयपत्रिका आधी निश्चित करतात, इतिवृत्त ठेवतात आणि दर, ग्राहकांची वाटणी किंवा बहिष्कार यांवरील चर्चेस मनाई करतात.

संघटनांवर आणखी एक आक्षेप घेतला जातो. मोठे सदस्य अधिक वर्गणी देतात आणि समित्यांसाठी मनुष्यबळही पुरवू शकतात. परिणामी संघटनेच्या भूमिकेत त्यांचाच आवाज अधिक उमटण्याची शक्यता असते. राष्ट्रीय संघटनांच्या प्रादेशिक शाखा आणि पदाधिकाऱ्यांच्या नियतकालिक निवडणुका हे त्यावरील प्रचलित उपाय आहेत. शिवाय गोदामांतील हमाल, ट्रकचालक आणि टर्मिनलवरील कंत्राटी कामगार या उद्योगाचा भाग असूनही अशा संघटनांचे सदस्य नसतात. या संघटना मालकवर्गाचे प्रतिनिधित्व करतात. कामगारांचे प्रश्न कामगार संघटनांकडे राहतात. म्हणून ‘उद्योगाची मागणी’ असा उल्लेख आढळल्यास ती त्यातील नेमक्या कोणत्या घटकाची आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.