मातीच्या तलावाची निगा : काम खात्याचे की आपलेही?



गाळप हंगाम आटोपत आला. तोडणी मजूर गावाकडे परतू लागले, खोडव्याला पाणी देण्याची घाई सुरू झाली. याच दिवसांत लहान तलावांचे पाणी खाली जाते आणि एरवी बुडालेला भराव उघडा पडतो. तलावाच्या दुरुस्तीविषयी बोलायला हीच वेळ योग्य, असे आम्हास वाटते.

१ सप्टेंबर २०२१ ची रात्र भुदरगड तालुका विसरलेला नाही. मेघोलीचा लघु पाटबंधारे तलाव त्या रात्री फुटला. एका भगिनीचा जीव गेला, जनावरे वाहून गेली, ओढ्याकाठची उभी पिके मातीसकट खरवडून निघाली. त्याआधी २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे दगावली. दोन्हीकडे गळती लोकांना आधीपासून दिसत होती. तिवऱ्याच्या वेळी तर खेकड्यांनी धरण पोखरले, असे सांगण्यात आले. खेकडा बीळ पाडतो हे खरे. पण ते वेळीच बुजवणे हे माणसाचे काम आहे.

मागच्या पंधरवड्यात आम्ही काही सभासदांसह कार्यक्षेत्रातील एका जुन्या तलावावर जाऊन आलो. भरावावर बाभळी माजल्या होत्या. पाण्याकडच्या बाजूचे पिचिंगचे दगड बऱ्याच ठिकाणी गायब होते. सांडव्यावर मातीने भरलेली पोती रचलेली होती. ही पोती परक्याने रचली नाहीत. आपल्यापैकीच कोणीतरी, उसाला दोन पाळ्या जादा मिळाव्यात म्हणून, हे केले. दगडही आपल्याच गोठ्यांना लागले असतील. बंधूंनो, सांडवा म्हणजे तलावाचा श्वास. तो अडवला आणि एखाद्या रात्री मोठा पाऊस झाला, तर पाणी भरावाच्या माथ्यावरून जाते. मातीचा भराव असे पाणी सोसत नाही; तासा-दोन तासांत त्याची घळ होते.

गळतीविषयी आमच्यासोबतच्या एका वयस्कर सभासदांनी सोपी खूण सांगितली, "पानी निवळ हाय तवर बघत ऱ्हायचं. गढूळ आलं की समजायचं, धरण आतनं चाललंय." आम्ही त्यात एवढीच भर घालू, की निवळ पाणीही वाढत असेल तर धोका आहे. म्हणून पाझराखाली घागर धरा, ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहा आणि तारीख घालून वहीत मांडा. तलावाची पातळीही शेजारी लिहा. पातळी तेवढीच असून घागर लवकर भरू लागली, तर त्याच दिवशी खात्याला कळवा.

गळती दिसली की खालच्या बाजूने चिखलाचा गोळा दाबून बसवण्याची आपल्याला सवय आहे. ती चूक आहे. कोंडलेले पाणी आत दाब वाढवते आणि दुसरीकडून फुटते. खालच्या बाजूस आधी वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड असा थर घालतात. त्यातून पाणी निघून जाते, पण माती अडते. पाणी जिथून आत शिरते, ते तोंड पाण्याकडच्या बाजूने बंद करावे लागते. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. पाणी कमी करायचे तेही बेताबेताने. एकदम उतरवले तर आतल्या बाजूचा ओला भराव घसरतो.

गावाला करता येण्याजोगी कामे मात्र पुष्कळ आहेत. बाभळीची रोपे लहान असतानाच काढावीत. मोठे झाड नुसते तोडले तर मुळे कुजून आत पोकळ नळ्या राहतात, म्हणून ते खात्याला विचारून मुळासकट काढावे आणि खड्डा मातीचे पातळ थर चोपून भरावा. उंदीर-घुशींची बिळे, माथ्यावरच्या भेगा आणि पावसाने पडलेल्या घळी मे अखेर बुजवाव्यात. खालच्या पायथ्याशी नांगर घालू नये, मुरूम उचलू नये. भरावावर गवत मात्र राहू द्यावे. ते माती धरून ठेवते.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः पंधरा मीटरहून उंच धरणांसाठी, आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांसाठी आहे. त्याहून लहान तलावांवर डोळा ठेवायचा तर गावालाच पुढे यावे लागेल. पावसाळ्यापूर्वी एकदा, तलाव भरल्यावर एकदा, पाटकऱ्याला बरोबर घेऊन भरावाच्या खालच्या अंगाने चालत जा. दिसेल ते ग्रामसभेत मांडा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

कारखान्याची चिमणी उसावर पेटते आणि ऊस पाण्यावर उभा राहतो. त्या तलावावरून आम्ही परतलो, तेव्हा आमच्यातल्या दोघा सभासदांनी सांडव्यावरची पोती ओढून बाजूला टाकली होती. आपल्या तलावावर अशी पोती असतील, तर मृगाआधी ती काढावीत, एवढीच विनंती.