पावडर नंतर, आधी वजन सांगा!

विरार लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकताय ना? वसईतली पोरं मला एकच विचारतात, "दादा, कुठली पावडर घेऊ?" मी विचारतो, वजन किती? आयसीएमआरचा हिशोब किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीनचा. म्हणजे ६० किलोला साधारण ५०. जिम करणाऱ्याला थोडं जास्त चालतं, पण दुप्पट-तिप्पट कशाला? २०२४च्या मार्गदर्शिकेत तर बॉडीसाठी सप्लिमेंट टाळाच म्हटलंय.

आपल्याकडे सुका बोंबील आहे की! पाणी उडालेलं, म्हणून वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रोटीनच. तळू नका, भाजा. तेलाने सगळी मेहनत वाया जाते. खारवलेला मासा मात्र बेताने, त्यात मीठ फार. शाकाहारी असाल तर वाल, चवळी, ताक.

किडनी, बीपी, शुगरचा त्रास आहे? मग प्रोटीन वाढवण्याआधी क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांना विचारा. ट्रेनरला नाही हं.