हलक्या गाडीचे सुख : स्वस्त, जुनी आणि चालवायला रंगतदार मोटार निवडताना

मोटारीच्या बाबतीत वेग आणि चालवण्यातला आनंद या दोन गोष्टी सर्रास एकच मानल्या जातात, आणि जुनी गाडी घेणाऱ्यांची पहिली चूक बहुधा इथेच होते. मोठे इंजिन आणि बॉनेटवरचे नावाजलेले चिन्ह पाहून पंधरा वर्षांची आलिशान गाडी नव्या हॅचबॅकच्या निम्म्या किमतीत घेतली जाते आणि पहिल्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी ध्यानात येते की गाडीची किंमत उतरली असली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत कधीच उतरलेली नव्हती. चालवण्यातला आनंद मात्र वेगळ्याच गोष्टींवर अवलंबून असतो. हाताने दिलेली सूचना गाडी किती चटकन ऐकते, रस्त्याची खबर चाकांकडून हातापर्यंत किती स्वच्छ पोचते आणि इंजिन पायाच्या दाबाला किती प्रामाणिकपणे उत्तर देते, या तीन गोष्टी ज्या गाडीत जुळून येतात ती ताशी साठ किलोमीटरवरही चालकाला गुंतवून ठेवते. 1990 च्या दशकापासून 2010 च्या आसपासपर्यंत भारतात विकल्या गेलेल्या साध्या पेट्रोल गाड्यांमध्ये हे गुण आढळतात, आणि त्या आजही मध्यमवर्गीय खिशाला परवडतात.

या साऱ्याच्या मुळाशी वजन आहे. तेल, पाणी आणि इंधन भरलेल्या, परंतु माणसे न बसलेल्या गाडीच्या वजनाला कर्ब वेट म्हणतात. जुन्या मारुती झेनचे हे वजन साडेसातशे किलोच्या आसपास आणि मारुती एस्टीमचे पावणेनऊशे किलोच्या आसपास होते, तर आजच्या लोकप्रिय छोट्या एसयूव्ही सहज अकराशे ते तेराशे किलोपर्यंत जातात. एकच वळण एकाच वेगाने घेताना गाडीचे वजन जितके जास्त, तितकी टायरांनी तिला आतल्या बाजूला धरून ठेवण्यासाठी लावायची ताकद जास्त, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. ब्रेकलाही हेच लागू पडते. एस्टीमच्या पुढच्या काळातील इंजिनाची ताकद 85 हॉर्सपॉवर होती, म्हणजे एका टनामागे सुमारे 97 हॉर्सपॉवर. हेच प्रमाण 1200 किलोच्या गाडीत साधायचे तर 116 हॉर्सपॉवरचे इंजिन लागेल, आणि एवढे करूनही वळणावरचे वजन कमी होणार नाही ते नाहीच.

मात्र हा हलकेपणा फुकट मिळालेला नाही. त्या काळातील बहुतेक गाड्यांत एअरबॅग नाहीत आणि जोराने ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही यंत्रणाही नाही. भारतात एबीएस सर्व नव्या मोटारींना एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली. म्हणून रोज कुटुंबाला घेऊन महामार्गावर जाणारी एकमेव गाडी म्हणून झेन किंवा एस्टीम सुचवणे योग्य ठरणार नाही. घरात दुसरी गाडी असेल आणि ही रविवारच्या पहाटेसाठी घ्यायची असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसरा मुद्दा स्टिअरिंगचा. गाडी वळवण्याचे श्रम कमी करणारी जुनी पद्धत हायड्रॉलिक, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या पंपाने तेलाचा दाब निर्माण करून चालकाच्या हाताला मदत करणारी. नंतरच्या काळात तिची जागा विजेच्या मोटरने घेतली, कारण त्यामुळे इंधन वाचते आणि गर्दीत गाडी लावताना चाक एका बोटाने फिरते. तथापि सुरुवातीच्या विद्युत यंत्रणांमध्ये रस्त्याकडून येणारी सूक्ष्म थरथर मोटरच्या आणि तिच्या जोडयंत्रणेच्या घर्षणात विरून जात असे. खडीवरून डांबरावर येताना, ओल्या वळणावर टायरची पकड सैल पडू लागताना जो बदल तळहाताला जाणवायला हवा, तो जाणवत नसे. 2009 मध्ये आलेली फियाट पुन्टो आणि 2010 मधील पहिली फोर्ड फिगो या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाड्या जाणकारांना आजही प्रिय आहेत त्या याच कारणाने.

प्रत्यक्ष गाड्यांकडे वळताना आरंभ एस्टीमपासूनच करणे उचित. 1994 मध्ये आलेल्या या गाडीत 1298 घनसेंटिमीटरचे इंजिन होते. आधी त्याला कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण निव्वळ यांत्रिक रीतीने करणारा भाग होता; पुढे प्रत्येक सिलिंडरला संगणकाच्या हुकुमाने इंधन पुरवणारी एमपीएफआय पद्धत आली आणि ताकद 65 वरून 85 हॉर्सपॉवरवर गेली. दिसायला ही गाडी अगदी घरगुती, पण रॅलीच्या कच्च्या रस्त्यांवर भारतीय स्पर्धकांनी ती वर्षानुवर्षे पळवली, कारण ती हलकी होती आणि तिचे भाग कुठेही मिळत. थोडक्या पैशांत हे सुख अनुभवायचे असेल, तर एमपीएफआय इंजिनाची, पत्रा शाबूत असलेली एस्टीम ही पहिली निवड ठरावी.

नोव्हेंबर 1999 मध्ये आलेल्या फोर्ड आयकॉनच्या 1.6 लिटर पेट्रोल प्रकाराचा स्वभाव वेगळा आहे. तिच्या रोकॅम इंजिनाची ताकद 92 हॉर्सपॉवर असली, तरी खरी गंमत ती ताकद कमी फेऱ्यांपासूनच हाती लागते यात आहे, त्यामुळे चढावर सारखा गिअर बदलावा लागत नाही. पहिल्या पिढीच्या होंडा सिटीची 2000 मध्ये आलेली 1.5 व्हीटेक मात्र नेमकी उलटी. उच्च फेऱ्यांवर इंजिनाच्या झडपा अधिक उघडून जास्त हवा आत घेणारी रचना म्हणजे व्हीटेक. तिच्यामुळे या गाडीची ताकद 106 हॉर्सपॉवर झाली, परंतु ती मिळवण्यासाठी इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते, आणि तिथे पोचल्यावर त्याचा सूरच बदलतो.

महाराष्ट्राशी सर्वांत जवळचे नाते फियाट पॅलिओचे. 2001 मध्ये आलेली ही गाडी मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई, आणि तिच्या जाहिरातीचा चेहरा सचिन तेंडुलकर होता. तिचा 1.6 जीटीएक्स हा प्रकार 100 हॉर्सपॉवरचा. अंगाने जडच, पेट्रोल भरपूर पिणारा, पण वळणात असा रुतून चालणारा की वरंध किंवा आंबेनळी घाटातून उतरताना चालकाचा विश्वास प्रत्येक वळणागणिक वाढत जावा. त्यानंतरच्या पिढीत 2005 ची स्विफ्ट, फोर्ड फिएस्टा 1.6 एस, रांजणगावची पुन्टो आणि चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन पोलो 1.6 यांची नावे घेता येतील. या गाड्या अधिक भक्कम आणि अर्थातच अधिक महाग आहेत.

गाडी आवडली तरी तिचे भाग मिळतात का, हा प्रश्न आधी सोडवावा. फियाटची भारतातील विक्री 2019 मध्ये थांबली आणि फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. याचा अर्थ या गाड्या टाळाव्यात असा नव्हे, कारण इंजिन, ब्रेक आणि क्लचचे भाग सहसा मिळतात. अडते ते दिवे, बंपर, काचा आणि आतले प्लास्टिक यांच्याशी. पुन्टोचे 1248 घनसेंटिमीटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टा या गाड्यांतही असल्यामुळे ते उघडता येणारा फिटर तालुक्याच्या गावीही भेटतो. म्हणून विशिष्ट गाडीवर मन बसण्याआधी आपल्या गावात ती दुरुस्त करणारा हात आहे का, याची चौकशी करणे शहाणपणाचे.

यानंतर गाडीच्या प्रकारापेक्षा समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीची अवस्था महत्त्वाची ठरते. इंजिन दुरुस्त होते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण गंजलेला पत्रा गाडीचा कणाच मोडतो. मुंबई, कोकण आणि गोव्यातील खारी हवा दरवाजाखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी आणि पुढचे शॉकअप जिथे बॉडीला बसतात ते दोन खांब आतून खाते. उलट मराठवाडा-विदर्भातील कोरड्या हवेत पत्रा टिकतो, परंतु दरवाजांची रबरे आणि डॅशबोर्ड उन्हाने तडकतात. रबर बदलणे सोपे, खांब बदलणे जवळजवळ अशक्य, म्हणून आतल्या प्रदेशातील गाडीला झुकते माप द्यावे. मऊ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले, तर जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे असे समजावे.

मुंबई पासिंगच्या जुन्या गाडीला आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर-उपनगरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या; त्यांतील कित्येक धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. पुरातून निघालेली गाडी वरून ओळखता येत नाही, मात्र सीटबेल्ट मुळापर्यंत पूर्ण ओढून काढला, तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची आडवी रेघ दिसू शकते. सीटखालच्या रुळांचे गंजलेले बोल्ट आणि स्टेपनीच्या खोबणीतला बारीक गाळ यांची साक्षही तीच.

चाचणीसाठी गाडी थंड असतानाच जावे. विकणाऱ्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर थंड अवस्थेत सुरू होण्याची अडचण लपते. म्हणून बॉनेटला हात लावूनच किल्ली फिरवावी. तेल भरण्याचे झाकण उघडल्यावर आत सायीसारखा फिकट थर दिसला, तर इंजिन थंड ठेवणारे पाणी तेलात मिसळत असण्याची शक्यता असते. चालत्या गाडीत तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात येताना करकर आवाज आला, तर सिंक्रोमेश, म्हणजे दोन दंतचक्रांचा वेग जुळवून गिअर अलगद पाडणारी कडी, झिजली आहे असे मानावे. चाक पूर्ण वळवून हळू पुढे जाताना पुढच्या चाकातून टकटक ऐकू आली, तर दोष चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यात असतो. लांब उतारावर पाय उचलून नंतर एक्सलरेटर दाबताच मागे निळसर धूर सुटला, तर इंजिन तेल जाळत आहे हे निश्चित. छोट्या गतिरोधकावरून गाडी तिरकी नेल्यावर येणारी खडखड मात्र घाबरण्याजोगी नाही. ती बहुधा सस्पेन्शनच्या रबरी बुशांची असते. ते बदलले की गाडी दहा वर्षांनी तरुण होते, आणि हीच खडखड दाखवून भाव उतरवून घेता येतो.

मीटरवरच्या किलोमीटरांवर विसंबू नये, कारण मीटर मागे फिरवणे सोपे आहे. पेडलांची झिजलेली रबरे, चालकाच्या सीटची बसलेली कड आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंगचे चाक अधिक खरे बोलतात. टायरच्या बाजूवरील चार अंकही वाचावेत : 2219 याचा अर्थ 2019 च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल असली, तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावर पकड सोडते.

आता कागदपत्रे. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांपर्यंत वैध असते, त्यानंतर आरटीओत गाडीची तपासणी होऊन दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल 2022 पासून नूतनीकरणाचे शुल्कही बरेच वाढले. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळत असेल, तर पुढचा हा खर्च भावातून वजा करावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा नमुना 35, मालकी बदलण्यासाठी नमुने 29 आणि 30, आणि परराज्यातील गाडीसाठी ना हरकत प्रमाणपत्र या गोष्टी पैसे देण्यापूर्वीच हातात असाव्यात. आधीच्या मालकाने इंजिन किंवा बॉडीत फेरफार केलेली गाडी टाळलेली बरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीविना केलेले बदल ग्राह्य नाहीत, आणि अपघातानंतर विम्याचा दावाही त्यावरून अडू शकतो.

हाताशी दोन लाख रुपये असतील, तर गाडी दीड लाखाचीच पाहावी आणि उरलेले पन्नास हजार पहिल्या महिन्यासाठी राखून ठेवावेत. एस्टीमसारख्या गाडीत झडपांची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट शेवटचा केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर तो पहिल्याच आठवड्यात बदलावा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जुन्या रबरी इंधननळ्या आजच्या 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मऊ पडून पाझरू शकतात, तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवून घ्याव्यात. नंतर ब्रेकचे तेल, बुश, शॉकअप, व्हील अलाइनमेंट हा क्रम धरावा. टायर चारही एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे, कंपनीने सांगितलेल्याच मापाचे घ्यावेत, कारण रुंद टायर आणि मोठी अलॉय चाके लावली की त्या हलक्या गाडीचे हलके स्टिअरिंग सर्वांत आधी जड होते.