न्हावा शेव्याचा सागरी सेतू : रस्ता कसा, फायदा कोणाला?

शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू, म्हणजेच 'अटल सेतू', 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. लांबी सुमारे 21.8 किलोमीटर, त्यातील सुमारे 16.5 किलोमीटर समुद्रावर. मोटारीने पलीकडे जायला वीसेक मिनिटे पुरतात. परंतु आपल्या मालाला त्याचा किती उपयोग, हे आम्ही व्यापारी व कारागीर बांधवांसमोर मांडू इच्छितो.

खाडीवर पूल बांधण्याची कल्पना 1963 सालच्या वाहतूक अभ्यासातली. 26 मे 1989 रोजी न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, कंटेनरचा धंदा तिकडे गेला, तरी पूल कागदावरच राहिला. निविदा निघाल्या आणि बारगळल्या. अखेर डिसेंबर 2016 मध्ये पायाभरणी झाली आणि 2018 मध्ये जपानच्या कर्जातून काम सुरू झाले. तोवर मदनपुरा किंवा मशीद बंदरचा माल वाशी पुलावरून वळसा घालूनच जात असे.

सेतू शिवडीहून निघतो, उलव्याजवळ शिवाजीनगरला जमिनीवर येतो आणि जासईमार्गे चिर्ले येथे पळस्प्याहून बंदराकडे जाणाऱ्या महामार्गाला मिळतो. नावात न्हावा शेवा असले तरी तो बंदराच्या फाटकापर्यंत जात नाही. चिर्ल्यापुढे कंटेनर गाड्यांचा जुना रस्ताच धरावा लागतो. भिवंडी व मालेगावच्या कापडाला तर या सेतूवर चढण्याचे कारणच नाही. तो माल मुंबईत न शिरता कळंबोलीकडून येतो.

खरा फायदा दक्षिण व मध्य मुंबईतून बंदराजवळच्या कंटेनर यार्डात सुटा माल पोहोचवणाऱ्याला आहे. माल घेण्याची वेळ टळली की जहाज चुकते, तेथे वाचलेला तास मोलाचा. मात्र दोन अडचणी आहेत. तीनचाकी टेम्पो व दुचाकीला सेतूवर मनाई आहे. दुसरा टोल. सुरुवातीला एका फेरीस मोटारीला 250, हलक्या मालवाहू टेम्पोला 400 आणि दोन आसांच्या ट्रकला 830 रुपये ठरले होते. चारशे रुपये दोनशे नगांवर वाटले तर नगामागे 2 रुपये पडतात, वीस नगांवर 20 रुपये.

म्हणून आमची सूचना अशी की, परदेशी गिऱ्हाइकाला भाव देण्यापूर्वी चालू टोलदर विचारून घ्यावा, शेजारच्या दोन-तीन कारखानदारांनी मिळून एक टेम्पो भरावा आणि टोल कोणी भरायचा हे वाहतूकदाराशी आधीच ठरवावे.