ग्लेन एकोचे नृत्यगृह

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन पोटोमॅक नदीच्या काठी वसली आहे. या नदीच्या कडेने प्रवाहाच्या उलट दिशेस थोडे गेले, म्हणजे मेरीलँड राज्यातील ग्लेन एको हे लहानसे गाव लागते. तेथे एक जुने उद्यान आहे. १८९१ मध्ये ज्ञानसत्रे भरविण्यासाठी काही मंडळींनी ही जागा निवडली होती. पण तो उपक्रम फार दिवस टिकला नाही आणि त्याच जागी करमणुकीचे उद्यान उभे राहिले. राजधानीतून ट्राम थेट उद्यानाच्या दाराशी येई. उन्हाळ्यात उकाड्याने त्रासलेली शहरातील कुटुंबे पाळणे, पोहण्याचा तलाव आणि लाकडी घोड्यांचे फिरते चक्र यांची मौज लुटण्यासाठी तेथे लोटत.

याच उद्यानात १९३३ साली एक भव्य नृत्यगृह बांधण्यात आले. अमेरिकेत तेव्हा मोठी आर्थिक मंदी होती. तरीही हे काम झाले, हे नवलच म्हटले पाहिजे. इमारतीची घडण स्पेन देशातील वाड्यांसारखी, म्हणून तिला ‘स्पॅनिश बॉलरूम’ हे नाव पडले. कमानींची रांग, चुन्यासारख्या गिलाव्याच्या भिंती आणि वर कौले असे तिचे बाह्यरूप आहे. परंतु तिचे खरे वैभव आतल्या जमिनीत आहे. सुमारे साडेसात हजार चौरस फुटांची ही जमीन मॅपल वृक्षाच्या लाकडाची आहे. हे लाकूड कठीण, त्यामुळे असंख्य पावलांच्या घर्षणानेही ते लवकर झिजत नाही. आणि लाकूड दगडाइतके ताठर नसल्यामुळे रात्रभर नाचूनही पाय फारसे भरून येत नाहीत. येथे एका वेळी अठराशे माणसे नाचू शकतील, अशी ही इमारत योजलेली होती. नामांकित वाद्यवृंद येथे वाजत आणि तरुण-तरुणींची गर्दी उसळे.

मात्र ही गर्दी एकाच वर्णाची होती. कृष्णवर्णी लोकांना उद्यानात प्रवेशच नव्हता. उद्यानाची जाहिरात वृत्तपत्रांतून व नभोवाणीवरून सर्वांच्या कानी जाई. तीत या बंदीचा उल्लेख नसे. जाहिरात ऐकून ज्या कृष्णवर्णी बालकाने तेथे जाण्याचा हट्ट धरला असेल, त्याच्या आईने त्याला काय सांगितले असेल?

३० जून १९६० या दिवशी वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाचे काही विद्यार्थी उद्यानात शिरले. त्यांच्याबरोबर काही गोरे मित्रही होते. त्यांच्यापैकी पाच कृष्णवर्णी तरुण फिरत्या चक्रावरील लाकडी प्राण्यांवर जाऊन बसले. इतरांनी त्यांच्यासाठी काढलेली तिकिटे त्यांच्याजवळ होती. तरी चक्र फिरेना. पहारेकऱ्याने विद्यार्थ्यांचा पुढारी लॉरेन्स हेन्री याला त्याचा वंश विचारला. ‘मी मानववंशाचा आहे,’ असे त्या तरुणाने शांतपणे उत्तर दिले. चक्रावरून उतरण्याचे नाकारल्याबद्दल त्या पाच जणांना अटक झाली.

तेवढ्याने प्रकरण मिटले नाही. विद्यार्थी उद्यानाच्या दारासमोर फलक घेऊन फेऱ्या घालत राहिले. जवळच्या बॅनकबर्न वसाहतीतील गोरे रहिवासीही त्यांना येऊन मिळाले. विरोधकांनीही समोर फलक धरले. भर उन्हात आठवड्यामागून आठवडे हा सत्याग्रह चालला. अखेर १९६१ च्या वसंत ऋतूत उद्यानाचे दार सर्वांस खुले झाले आणि नृत्यगृहाची ती गुळगुळीत जमीनही.

पाच तरुणांवरील खटला मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६४ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. न्यायालयाने दिलेले कारण लक्षात घेण्याजोगे आहे. तो पहारेकरी उद्यानमालकाचा चाकर असला, तरी सरकारने त्याला शासकीय अधिकार बहाल केले होते. त्या अधिकाराने त्याने वर्णभेदाचा नियम अमलात आणला, म्हणून ते कृत्य राज्याचेच ठरले. आणि राज्याला असा भेद करण्याचा हक्क नव्हता.

करमणुकीचे उद्यान १९६८ साली बंद पडले. यंत्रे व पाळणे विकले गेले. लाकडी घोड्यांचे चक्रही विकले गेले होते. तेव्हा परिसरातील लोकांनी वर्गणी गोळा केली आणि सुमारे ऐंशी हजार डॉलर भरून ते परत मिळविले. पुढे ही भूमी राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आली. रिकाम्या इमारतींत चित्रकार, कुंभार आणि नर्तक येऊन राहिले. नृत्यगृहात पुन्हा वाद्ये वाजू लागली. पण वास्तू जर्जर झाली होती. केंद्र सरकार, राज्य सरकार व स्थानिक शासन या तिघांच्या द्रव्यसाहाय्याने उद्यानातील इमारतींचा जीर्णोद्धार करण्यात आला आणि २००३ मध्ये नृत्यगृह नव्या तेजाने उघडले.

आता तेथे निरनिराळ्या दिवशी निरनिराळी नृत्ये चालतात. त्यांतील ‘कॉन्ट्रा’ हे नृत्य विशेष लोकप्रिय आहे. स्त्रीपुरुष समोरासमोर दोन लांब रांगा करून उभे राहतात. पुढे उभा असलेला सूत्रधार हालचाली पुकारतो आणि वाद्यवृंदाच्या तालावर पावले पडू लागतात. एक आवर्तन पुरे झाले, की प्रत्येक जोडी रांगेत एक जागा सरकते आणि नव्या जोडीपुढे उभी राहते. टिपऱ्यांच्या फेरात समोरचा गडी जसा बदलत जातो, तसाच काहीसा हा प्रकार. आपला जोडीदार सोबत असतोच. पण एक गीत संपेपर्यंत रांगेतील कितीतरी अनोळखी माणसांचे हात हाती येऊन जातात.

नवख्यांसाठी नृत्यापूर्वी थोडा वेळ शिकवणी असते. जोडीदार बरोबर आणलाच पाहिजे, असा नियम नाही. एखादा मुलगा भिंतीशी संकोचून उभा राहिला, तर कोणी आजीबाई येऊन त्याला हाताला धरून रांगेत नेतात. त्याचे पाऊल चुकले, तर शेजारचा माणूस हसून त्याला योग्य दिशेला वळवतो, आणि तोवर पुढची जोडी त्याच्यासमोर येऊन हात पुढे करते.